टामिया टीएस स्प्रे बडोद्याच्या हवेत: १/२४ मोटारीच्या बॉडीसाठी किती कामाचा?

१/२४ मापाच्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याएवढ्या प्लॅस्टिकच्या मॉडेल मोटारीत पाहणाऱ्याची नजर आधी बॉडीवर जाते. आत मीटरचे काटे बारीक ब्रशने रंगवलेले असोत की सीटबेल्टचे बकल वेगळे लावलेले असोत, छतावरचा रंग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत बसला की बाकीची मेहनत कुणी बघत नाही. घरात एअरब्रश आणि कॉम्प्रेसर नसेल, तर बॉडीसाठी टामिया या जपानी मॉडेल कंपनीचा टीएस स्प्रे हा सर्वांत भरवशाचा रंग आहे, हे आमचं स्पष्ट मत. मात्र बडोद्यात तो वर्षातले चार महिनेच निर्धास्त वापरता येतो. उरलेल्या आठ महिन्यांत रंग बिघडला की लोक कॅनला दोष देतात. दोष बहुतेक वेळा हवेचा असतो, आणि थोडा घाईचा.

टीएसच्या एका कॅनमध्ये १०० मिली रंग येतो. पातळ, सारखे कोट दिले तर १/२४ च्या दोन बॉडी आरामात होतात, छोटी गाडी असेल तर तिसरीही. रंग सिंथेटिक लॅकर जातीचा आहे. त्यातलं सॉल्व्हंट किटच्या स्टायरीन प्लॅस्टिकला किंचित चावतं, म्हणून पकड उत्तम बसते आणि वाळल्यावर थर कडक होतो, पॉलिश सहन करतो. घेताना कॅनवरची अक्षरं नीट वाचा. पीएस मालिका रिमोटच्या गाड्यांच्या पारदर्शक पॉलिकार्बोनेट बॉडीसाठी आहे आणि एएस मालिका विमानांसाठी. दुकानात आणि ऑनलाइन यादीत तिन्ही एकाच रांगेत दिसतात आणि गल्लत नेमकी तिथेच होते. मॉडेलच्या प्लॅस्टिकवर पीएस मारू नका. उलट, रिमोटच्या लवचिक बॉडीवर टीएस मारला तर पहिल्या धडकेत पापुद्रे निघतात.

दाबाखालचा ज्वलनशील माल म्हणून एरोसोल कॅन हवाई टपालाने येत नाही. म्हणून जपानहून किट मागवताना त्याच पार्सलात रंग येईल अशी आशा धरू नये. देशातल्या विक्रेत्याकडून, जमिनीच्या वाहतुकीने येणारा कॅनच घ्यावा लागतो आणि त्याला दिवस लागतात. किटच्या सूचनापत्रात बॉडीसाठी कोणता टीएस क्रमांक हवा ते छापलेलं असतं. किट हातात येताच तो क्रमांक, प्राइमर (रंगाखालचा थर) आणि क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर) असे तिन्ही कॅन एकदमच मागवा. अर्ध्या कामात रंग संपला आणि दुसरा कॅन यायला पंधरा दिवस लागले, तर मधल्या काळात धूळ बसते, आणि मेटॅलिक असेल तर छटाही जुळत नाही.

आता हवेकडे येऊ, कारण या परीक्षणाचा खरा भाग तोच आहे.

पावसाळ्यात बडोद्यात ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता ही रोजची गोष्ट. अशा हवेत दवबिंदू साधारण २६ अंशांवर असतो, म्हणजे बॉडीचा पृष्ठभाग फक्त चार अंशांनी थंड झाला की त्यावर बाष्प जमतं. कॅनमधला वायू आणि सॉल्व्हंट उडताना नेमकं तेच करतात, रंगाचा थर झपाट्याने गार होतो. पाण्याचे सूक्ष्म थेंब ओल्या रंगात अडकतात आणि काळ्या बॉडीवर दुधाळ पांढरी झाक येते. यालाच ब्लशिंग म्हणतात. जानेवारीत तापमान २५ आणि आर्द्रता ४० टक्के असेल तर दवबिंदू १० अंशांच्या आसपास असतो. तिथवर पृष्ठभाग थंड होत नाही, म्हणून तोच कॅन, तोच हात आणि तीच गाडी, पण रंग आरशासारखा येतो. तेव्हा सर्वांत आधी घ्यायची वस्तू म्हणजे आर्द्रता दाखवणारा छोटा डिजिटल मीटर. आकडा ६५ च्या वर असेल तर चकचकीत रंग थांबवा, ७० च्या वर प्राइमरही नको. जून ते सप्टेंबर हे महिने सांधे घासण्यात, इंटिरिअर ब्रशने रंगवण्यात आणि इंजिन जोडण्यात घालवा. तेवढं काम प्रत्येक किटमध्ये असतंच.

ब्लशिंग झालंच तर घाबरून पॉलिश करू नका. पांढरेपणा वरवर असेल तर कोरड्या दिवशी टीएस-१३ क्लिअरचा एक पातळ, ओलसर कोट दिल्यावर खालचा थर पुन्हा मऊ होतो, अडकलेली ओल निघून जाते आणि बहुधा रंग खुलतो. हे फक्त चकचकीत रंगांना लागू. टीएस-८० या मॅट क्लिअरवर आलेली पांढरी झाक अशी सहज जात नाही, म्हणून मॅट क्लिअर पावसाळ्यात उघडूसुद्धा नये.

एसी चालू केला की आर्द्रता उतरते, मग बंद खोलीत फवारावं का? नाही. वाफ कोंडते, आणि ती पेट घेणारी असते. फवारणी उघड्या हवेत किंवा बाहेर हवा फेकणाऱ्या पंख्याच्या खोक्यात करा आणि वास बराच ओसरल्यावर वाळवायला बॉडी एसीच्या खोलीत ठेवा. जवळपास गॅस, उदबत्ती, देवापुढचा दिवा, काहीही पेटतं नको. कापडी मास्क धुळीपुरता असतो. सॉल्व्हंटच्या वाफेसाठी सक्रिय कोळशाची काडतुसं असलेला मास्क लागतो आणि रंगावर तीन कॅन खर्च करणाऱ्याने तो घ्यायलाच हवा.

मे महिन्याचा त्रास वेगळा. पारा ४० च्या वर असताना रंगाचे थेंब बॉडीपर्यंत पोचण्याआधीच अर्धे वाळतात आणि भुकटीसारखे बसतात. हात फिरवला तर पॉलिश पेपरसारखं लागतं. त्यावर उपाय दोन: सकाळी सहा-सातला फवारणी आणि अंतर कमी. थंडीत २५ ते ३० सेंटीमीटर ठीक, मेमध्ये १५ ते २० वर या. रंग बॉडीवर पडताच क्षणभर ओला चमकला पाहिजे. चमकत नसेल तर तुम्ही लांब आहात. कॅन कोमट पाण्यात ठेवायची युक्ती सगळीकडे सांगितली जाते. पाणी ३५-४० अंशांचं, कॅन आत दहा मिनिटं, त्याने दाब वाढून फवारा बारीक होतो. बडोद्यात ती फक्त डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी कामाची. एप्रिल-मेमध्ये कॅन खोलीतच तेवढा तापलेला असतो. कुठलाही एरोसोल कॅन ५० अंशांच्या वर जाऊ देऊ नये, म्हणून उन्हाळ्यात तो गच्चीखालच्या माळ्यावर किंवा स्कूटरच्या डिकीत मुळीच ठेवू नका.

उत्तम काळ म्हणजे दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेर, सकाळी दहा ते बारा. त्यातही उत्तरायणाच्या आठवड्यात गच्ची विसरा. पतंगाला लागणारा वारा फवाऱ्याचा शत्रू आहे, शिवाय त्या दिवसांत शहरातल्या एकाही गच्चीवर दोन हात मोकळी जागा मिळत नाही. धुळवडीच्या आसपासही तसंच. वाऱ्याबरोबर आलेला गुलाल पांढऱ्या बॉडीवर बसला की घासण्याशिवाय इलाज नाही.

रंगाआधीची तयारी. साच्यातून सुटायला लावलेल्या तेलकट पदार्थाचा अंश बॉडीवर असू शकतो. भांडी घासायचं लिक्विड, कोमट पाणी आणि जुना टूथब्रश पुरे. मग साच्याचे जोड शोधा. ते बहुधा मडगार्डच्या वरच्या कडेवरून आणि छताच्या खांबांवरून जातात आणि रंग चढेपर्यंत दिसत नाहीत. ब्लेडच्या पाठीने खरवडून ६०० आणि मग १००० नंबरचा पॉलिश पेपर ओला करून फिरवा.

यानंतर सगळ्यांत दुर्लक्षित काम: पॅनेल लाइन, म्हणजे दारं-बॉनेटच्या कडांच्या फटी, खोल करणं. बडोद्याजवळच्या हालोलच्या कारखान्यातून निघणाऱ्या खऱ्या मोटारीवरचा रंगाचा सगळा थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो. तो २४ पट लहान केला तर चार ते सहा मायक्रॉन. आपण मात्र प्राइमर, रंग आणि क्लिअर मिळून खऱ्या गाडीइतकाच, १०० मायक्रॉनच्या आसपासचा थर देतो. दुसरीकडे खऱ्या दाराची चार मिलिमीटरची फट १/२४ मध्ये ०.१७ मिलिमीटर होते. फटीच्या दोन्ही कडांवर ०.१ मिलिमीटर रंग चढला तर फट उरेल कुठे? टीएसचा फवारा एअरब्रशपेक्षा जाड आहे, ही या उत्पादनाची खरी मर्यादा आणि ती कौशल्याने पूर्ण जात नाही. म्हणून प्राइमरच्या आधीच स्क्रायबरने (रेघ कोरायच्या टोकदार हत्याराने) किंवा ब्लेडच्या मागच्या टोकाने प्रत्येक फटीतून हलक्या हाताने चार-पाच वेळा फिरा. जोर लावला की पातं फटीबाहेर घसरतं आणि दारावर ओरखडा उमटतो.

प्राइमर टामियाचाच फाइन सरफेस प्राइमर घ्यावा, १८० मिलीचा मोठा कॅन परवडतो. गडद आणि मेटॅलिक रंगाखाली करडा, पांढऱ्या-पिवळ्याखाली पांढरा, लालखाली गुलाबी. पिवळा टीएस-३४ करड्या प्राइमरवर चार कोटांनंतरही हिरवट, मळका दिसतो, कारण पिवळ्या रंगाची झाकणशक्तीच कमी. किट लाल प्लॅस्टिकमध्ये आलं असेल आणि गाडी पांढरी करायची असेल तर सावध व्हा. सॉल्व्हंटमुळे प्लॅस्टिकमधला लाल रंग प्राइमरमधून वर झिरपतो आणि आठवड्याने पांढरी गाडी गुलाबी दिसू लागते. प्राइमरवर टीएस-१७ सारख्या चंदेरी रंगाचा एक पूर्ण कोट आणि त्यावर पुन्हा पांढरा प्राइमर, असा बांध घालावा. ॲल्युमिनियमचे चपटे कण झिरपण्याची वाट अडवतात.

चाचणीसाठी पूर्वी पांढरे प्लॅस्टिकचे चमचे वापरायचे. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या चमच्यांवर बंदी आहे. किटच्या फ्रेमचा रुंद भाग किंवा बॉडीची आतली बाजू हीच आता चाचणीची जागा. ती चुकवू नका, विशेषतः हार्डवेअरच्या दुकानातले स्वस्त स्प्रे वापरणार असाल तर. पत्रा आणि लाकडासाठी बनवलेल्या त्या रंगांत सॉल्व्हंट तीव्र असू शकतं आणि स्टायरीनवर ते सुरकुत्या पाडतं. फवाराही जाड असतो. चेसिसच्या खालच्या बाजूला प्राइमरवर चालतील, बॉडीला नको.

फवारणी करताना बॉडी आतून दुहेरी टेप लावून रिकाम्या बाटलीवर बसवा. बॉनेट, बंपर, आरसे वेगळे असतील तर गाडीवर ज्या कोनात असतात त्याच कोनात काड्यांवर लावा आणि बॉडीबरोबर एकाच वेळी रंगवा. मेटॅलिकमध्ये चकाकीचे कण ज्या दिशेने बसतात त्यावर छटा ठरते. आडवा ठेवून रंगवलेला बंपर उभा लावला की दुसऱ्याच कॅनमधला वाटतो. टीएस-५० सारख्या निळ्यात हा फरक लांबूनही दिसतो.

कॅन, आतली गोळी वाजू लागल्यावर, पुढे दोन मिनिटं हलवा. बटण बॉडीच्या बाहेर दाबा, हात बॉडीवरून पार न्या, बाहेर गेल्यावर सोडा. मध्ये थांबलात की ओघळ आलाच. १७ सेंटीमीटरच्या बॉडीवरून हात साधारण एका सेकंदात जायला हवा. आधी अवघड जागा घ्या: चाकांच्या कमानी, खिडक्यांचे खांब, जाळीभोवतीची खाच. शेवटी छत आणि बॉनेट. उलट केलं तर खाचांसाठी परत यावं लागतं आणि तिथे रंग साचतो. पहिले दोन कोट नुसते धुक्यासारखे, खालचं प्राइमर दिसत राहील असे. मग दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने एक-दोन ओले कोट. ओघळ आला तर बोट लावू नका, पुसू नका. पूर्ण वाळू द्या, १००० आणि मग १५०० च्या ओल्या पेपरने सपाट करा आणि त्या भागावर पुन्हा कोट द्या. कोटांच्या मध्ये आणि नंतर बॉडी मोठ्या प्लॅस्टिकच्या डब्याखाली झाकून ठेवा. झाकण घट्ट नको, वाफ निघायला फट हवी.

वाळलं हे बोटाने ठरवू नये, नाकाने ठरवावं. बॉडी नाकाजवळ धरल्यावर रंगाचा वास येत असेल तर सॉल्व्हंट अजून आत आहे. हिवाळ्यात आठवडा, कधी दहा दिवस लागतात.

टीएस-१३ हा या मालिकेतला सर्वांत चांगला आणि सर्वांत धोक्याचा कॅन. चमक खोल, पॉलिशला कडक, पण सॉल्व्हंट जबर. डेकलवर (पाण्यात भिजवून बॉडीवर बसवायच्या पातळ चित्रपट्टीवर) थेट ओला कोट मारला की डेकल सुरकुततं आणि ते परत सरळ होत नाही. डेकल बसवल्यावर दोन दिवस वाळू द्या. मऊ करणारं द्रावण वापरलं असेल तर त्याचे पांढरे डाग ओल्या कापडाने टिपून घ्या. मग तीन ते चार अगदी कोरडे, धुक्यासारखे कोट अर्ध्या-अर्ध्या तासाने, आणि डेकल पूर्ण झाकलं गेल्यावरच एक ओला. एनॅमल रंगावर टीएस-१३ कधीच नको, खालचा थर भेगाळतो. पॅनेल लाइनमध्ये भरायचा एनॅमलचा काळा-तपकिरी रंग म्हणून क्लिअरच्या नंतर घ्यायचा, आणि पुसताना एनॅमल थिनर उघड्या प्लॅस्टिकवर साचू द्यायचा नाही, त्याने ताणलेला भाग तडकतो. लाल गाडीच्या फटीत काळ्याऐवजी गडद तपकिरी आणि पांढरीच्या फटीत करडा. काळा भरला की गाडी व्यंगचित्रासारखी दिसते.

क्लिअर किती चमकवायचं, यावर आमचं मत ठाम आहे. २०२३च्या जानेवारीत लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात '२१ गन सल्यूट'चं जुन्या मोटारींचं प्रदर्शन भरलं होतं. तशा नव्याने रंगवलेल्या मोटारींच्या दारांत झाडांचं प्रतिबिंब सरळ रेषेत पडतं. प्रदर्शनातली गाडी बनवत असाल तर तीच कसोटी लावा: ट्यूबलाइटखाली मॉडेल धरा, छतात तिची कड सरळ दिसली पाहिजे. ती लाटांसारखी दिसली तर क्लिअर दोन आठवडे वाळल्यावर २००० आणि मग ३००० चा ओला पेपर, पाण्यात साबणाचा थेंब, त्यानंतर टामियाचं कंपाउंड कोर्स, फाइन आणि फिनिश या क्रमाने, प्रत्येकाला वेगळं कापड. मडगार्डच्या आणि बॉनेटच्या धारदार कडांवर थर सर्वांत पातळ असतो, दोन-तीन घासांतच खालचं प्राइमर डोकावतं. पॉलिश संपेपर्यंत त्या कडांवर बारीक मास्किंग टेप ठेवा. मेटॅलिक रंग क्लिअरशिवाय पॉलिश करू नये, कण उघडे पडून डाग दिसतात. साध्या टीएस-१४ काळ्याला किंवा टीएस-८ लालला क्लिअरशिवाय थेट पॉलिश करता येतं, आणि थर पातळ राहिल्याने फटीही शाबूत राहतात. डेकल नसलेल्या रस्त्यावरच्या गाडीसाठी आम्ही हाच मार्ग निवडू.

मालिकेच्या उणिवाही सांगायला हव्यात. कॅनमध्ये दोन रंग मिसळून छटा बनवता येत नाही. फवारा रुंद असल्याने बराच रंग हवेत जातो. कॅन संपत आला की नोझल थुंकतं, म्हणून शेवटचा पाचवा हिस्सा बॉडीवर वापरू नका, तो चेसिसला ठेवा. काम झाल्यावर कॅन उलटा धरून नुसता वायू येईपर्यंत बटण दाबलं तर नोझल तुंबत नाही. खिडक्यांच्या काळ्या रबरासाठी टीएस-२९ चा कॅन घेणं म्हणजे उधळपट्टी, तिथे सेमी-ग्लॉस काळ्या ॲक्रिलिकची १० मिलीची बाटली आणि ब्रश पुरतो. टीएस-३० चंदेरी दिसायला सुरेख, पण हाताळल्यावर बोटांना लागतं, त्यावर मास्किंग टेप चिकटवणं टाळा.

पहिलीच बॉडी रंगवत असाल तर काळा घेऊ नका, त्यावर प्रत्येक कण आणि प्रत्येक ओरखडा दिसतो. मेटॅलिकही नको. टीएस-७ हा सायीसारखा पांढरा घ्या: तो साधा रंग आहे, क्लिअर लागत नाही, धूळ बसली तर घासून पुन्हा कोट देता येतो आणि जोड दिसत नाही. नोव्हेंबरमध्ये कॅन मागवा, म्हणजे डिसेंबरची कोरडी हवा हाताशी असेल.